कौल जनांचा, कात्री श्रेष्ठींची

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याचे राजकीय प्राक्तन थोडे चमत्कारिक आहे. सातबाराची तक्रार घेऊन येथील शेतकरी यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढतो, विधानसभेचे मत उमरखेड मतदारसंघात टाकतो आणि लोकसभेसाठी मात्र त्याचे नाव मराठवाड्यातील हिंगोलीच्या यादीत असते. त्यामुळेच २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उमेदवारीचे जे नाट्य घडले, त्याचे दोन्ही अंक या तालुक्याला घरबसल्या पाहावयास मिळाले. एक अंक त्याच्या मतदारसंघात घडला, दुसरा त्याच्या जिल्ह्यात.

वाचकांना तो घटनाक्रम स्मरत असेलच. २८ मार्च २०२४ रोजी शिवसेनेने हिंगोलीतून विद्यमान खासदार हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर केली. अर्ज भरण्याची अखेरची तारीख होती ४ एप्रिल. ३ एप्रिलला पाटील यांचे नाव मागे घेण्यात आले आणि बाबूराव कदम कोहळीकर यांना उभे करण्यात आले. त्याच दिवशी यवतमाळ-वाशीममध्ये, सलग पाच वेळा लोकसभेत गेलेल्या भावना गवळी यांना बाजूला सारून हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उमेदवारी मिळाली. एका मतदारसंघातील नाराजीची भरपाई दुसऱ्या मतदारसंघाच्या खात्यातून करण्यात आली, असाच त्याचा अर्थ लोकांनी लावला. २६ एप्रिलला दोन्हीकडे मतदान झाले. निकाल लागला तेव्हा दोन्ही जागा उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे गेल्या होत्या. हिंगोलीत नागेश पाटील आष्टीकर लाखाहून अधिक मतांनी, तर यवतमाळ-वाशीममध्ये संजय देशमुख नव्वद हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले.

पराभवाला अनेक कारणे असतात. सोयाबीन आणि कापसाचा भाव होता, संविधानाविषयीचा अपप्रचार होता, इतरही बरेच काही होते. उमेदवार बदलले म्हणूनच जागा गेल्या, असे म्हणणे सोपे असले तरी ते सिद्ध करता येणार नाही. या लेखाचा प्रश्न निराळा आणि अधिक मूलभूत आहे. ज्या व्यक्तीला लाखो मतदारांनी पसंती दिली, जिचे नाव पक्षानेच विचारान्ती जाहीर केले, तिचे नाव सहा दिवसांत पुसण्याचा अधिकार नेमका कोणाचा? आणि तो अधिकार वापरताना हिशेब कोणाला द्यावयाचा?

रोग जुना आहे

वरिष्ठांनी खालचा कौल फिरवण्याची परंपरा काँग्रेसने या देशात रुजविली, आणि तिचे पहिले ठळक उदाहरण आपल्याच भूमीतले आहे. १९३८ साली यवतमाळ मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांतात होते. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे हे प्रांताचे मुख्यमंत्री, त्या काळच्या भाषेत पंतप्रधान होते. महाकोशलच्या मंत्र्यांशी त्यांचे बिनसले. जुलै महिन्यात त्यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनविले. ही त्यांची घाई होती, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य असेलही. पण तिचा न्याय करण्याचे पहिले स्थान नागपूरचा विधिमंडळ पक्ष हेच होते. प्रत्यक्षात न्याय झाला वर्ध्याला, कार्यकारिणीपुढे. खरे यांना पायउतार व्हावे लागले आणि पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. पुढे डॉ. खरे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? सुभाषचंद्र बोस.

नियतीचा उपहास असा की, वर्षभराच्या आतच तोच न्याय सुभाषबाबूंच्या वाट्याला आला. जानेवारी १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधींनी पट्टाभी सीतारामय्या यांच्याविरुद्ध त्यांना सुमारे दोनशे मतांच्या आघाडीने अध्यक्ष निवडले. ती रीतसर निवडणूक होती. मार्च महिन्यात याच प्रांतात, जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे अधिवेशन भरले आणि कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच बनली पाहिजे, असा ठराव करून निवडून आलेल्या अध्यक्षाचे हात बांधण्यात आले. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. निवडणूक रद्द झाली नाही, मतमोजणी चुकीची ठरली नाही. कौल तेवढा निरर्थक झाला.

१९४६ ची कथा तर सर्वश्रुत आहे. पंधरापैकी बारा प्रांतिक समित्यांनी अध्यक्षपदासाठी सरदार वल्लभभाई पटेल यांचे नाव सुचविले होते. पंडित नेहरूंचे नाव एकाही प्रांतिक समितीने सुचविले नव्हते. तरीही गांधीजींची इच्छा प्रमाण मानून सरदारांनी माघार घेतली. त्या वर्षीचा काँग्रेस अध्यक्ष हाच अंतरिम सरकारचा प्रमुख होणार, हे सर्वांना दिसत होते. सरदारांचा त्याग थोर होता, यात शंका नाही. मात्र एका व्यक्तीच्या त्यागाने बारा समित्यांच्या मताची भरपाई होत नसते. सरदारांनी आपला हक्क सोडला. समित्यांनी तो सोडला होता काय, हे कोणी विचारलेच नाही.

या तिन्ही प्रसंगांत निर्णय घेणारी माणसे सामान्य नव्हती. त्यांची देशभक्ती वादातीत होती. म्हणूनच हे प्रसंग लक्षात ठेवावयाचे. थोर माणसांच्या हातूनही जी पद्धत अन्याय घडवून आणते, ती लहान माणसांच्या हाती गेल्यावर काय करील, याची कल्पना महाराष्ट्राला वेगळी द्यावयास नको. दिल्लीच्या बंद लिफाफ्यातून मुख्यमंत्र्याचे नाव निघावयाचे आणि आमदारांनी ते एकमताने निवडावयाचे, हे दृश्य या राज्याने कितीतरी वेळा पाहिले आहे. आपण त्याची मनमुराद टिंगल केली आणि ती योग्यच होती. परंतु टिंगल करणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील लिफाफेही अधूनमधून मोजावेत.

अमेरिकेने काय शिकविले?

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. शिकागोच्या अधिवेशनात सभागृहाबाहेर तरुण पोलिसांच्या लाठ्या खात होते आणि आत पक्षाचे कारभारी उमेदवार ठरवीत होते. हम्फ्री हरले. त्यातून धडा घेऊन पक्षाने नियम बदलले आणि उमेदवार ठरविण्याची सूत्रे प्राथमिक निवडणुकांत मत देणाऱ्या सामान्य समर्थकांच्या हाती दिली. १९७२ साली या नव्या पद्धतीने निवडलेले जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले.

लगेच कारभाऱ्यांना कंठ फुटला. सामान्यांना जिंकणारा उमेदवार ओळखता येत नाही, त्यांच्या डोक्यावर शहाण्यांचा हात हवा, असे सांगितले जाऊ लागले. १९८४ पासून पक्षाचे खासदार, राज्यपाल आणि पदाधिकारी यांना अधिवेशनात मनाप्रमाणे मत देण्याचा अधिकार मिळाला. यांनाच 'सुपर डेलिगेट' म्हणतात. २००८ मध्ये त्यांची संख्या आठशेच्या घरात, म्हणजे एकूण प्रतिनिधींच्या जवळजवळ एक-पंचमांश होती. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत इतकी चुरशीची झाली की, हे आठशे जण मतदारांचा कौल फिरवतील काय, असा प्रश्न अमेरिका महिनोन्‌महिने विचारीत होती. त्यांनी तो फिरविला नाही. प्रारंभी त्यांच्यातील अनेकांचा ओढा क्लिंटन यांच्याकडे होता. पण निवडून आलेल्या प्रतिनिधींत ओबामा पुढे राहिले, तसे तेही ओबामांकडे वळले. अधिकार हाती असूनही तो न वापरण्याचा विवेक त्यांनी दाखविला. २०१६ च्या वादानंतर, २०१८ साली पक्षाने नियमच केला की, लढत चुरशीची असेल तर पहिल्या फेरीत या मंडळींना मत नाही.

आणि २०२४? जो बायडेन यांनी प्राथमिक निवडणुकांत एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास मते मिळविली. २१ जुलैला, पक्षातील ज्येष्ठांच्या वाढत्या दबावानंतर, त्यांनी माघार घेतली. ऑगस्टच्या प्रारंभी प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. त्या वर्षी त्यांना त्या पदासाठी एकाही प्राथमिक निवडणुकीत उभे राहावे लागले नव्हते. बायडेन यांचे वय आणि प्रकृती पाहता दुसरा मार्ग नव्हता, असे पक्षाचे समर्थक म्हणतात. मान्य करू. परंतु ते वय काही जुलै महिन्यात अचानक वाढले नव्हते. जे सत्य नेत्यांना आधीपासून दिसत होते, ते मतदारांपुढे प्राथमिक निवडणुकांपूर्वी मांडले असते, तर लोकांनाच निवड करता आली असती. सत्य दडवावयाचे, कौल घ्यावयाचा आणि मग सत्याचा हवाला देऊन कौल बदलावयाचा, याला शहाणपण कसे म्हणावे?

वडोदऱ्याचा प्रयोग आणि वर्ध्याचा

आपल्याकडे प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग झालाच नाही, असे नव्हे. २०१४ मध्ये राहुल गांधी यांच्या आग्रहावरून काँग्रेसने देशभरातील मोजक्या लोकसभा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेतले. गाजावाजा फार झाला. वडोदऱ्यात नरेंद्र रावत हे कार्यकर्ते मते मिळवून उमेदवार ठरले. मग भाजपने तेथून नरेंद्र मोदी यांचे नाव जाहीर केले आणि काँग्रेसच्या श्रेष्ठींना रावत हे एकाएकी अपुरे वाटू लागले. रावत यांनी जागा सोडली आणि मधुसूदन मिस्त्री यांना उभे करण्यात आले. मिस्त्री पाच लाख सत्तर हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. लोकांनी निवडलेला कार्यकर्ता उभा असता तर तोही हरलाच असता, यात शंका नाही. पण पक्षाचा शब्द तरी राहिला असता. पहिल्याच कसोटीला प्रयोगकर्त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप लावले.

महाराष्ट्रात हा प्रयोग लातूर आणि आपल्या शेजारच्या वर्ध्यात झाला. वर्ध्यात जिंकले ते विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. म्हणजे मतपेटी ठेवली की घराणेशाही आपोआप संपते, हा भ्रमही येथेच फिटला. मतदार मोजके, यादी पदाधिकाऱ्यांची, आणि पदाधिकारी कोणी नेमलेले? अशा मतदानाला कौल म्हणण्यापेक्षा हजेरीपट म्हणणे योग्य. सार्वत्रिक निवडणुकीत वर्ध्यात भाजपचे रामदास तडस आणि लातुरात भाजपचे सुनील गायकवाड विजयी झाले, आणि त्या प्रयोगाचे नावही पुढे फारसे कोणी घेतले नाही.

'निवडून आले ना?' हे उत्तर नव्हे

येथे आपल्यातीलच काही ज्येष्ठ मंडळी एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद पुढे करतात. उमेदवार ठरविणे हा पक्षाचा अधिकार आहे, कारण निवडणूक पक्ष लढवितो, प्रतिष्ठा पक्षाची पणाला लागते. आणि शेवटी मतदार शिक्का मारतोच, मग अन्याय कसला? त्यांना उदाहरणही महागावच्या दारातच मिळते. उमरखेड विधानसभा मतदारसंघात २०१४ मध्ये भाजपचे राजेंद्र नजरधने निवडून आले. २०१९ मध्ये त्यांच्या जागी पक्षाने नामदेव ससाणे यांना उभे केले, तेही निवडून आले. २०२४ मध्ये ससाणे यांच्या जागी किसन वानखेडे आले, तेही निवडून आले. तीन निवडणुका, तीन चेहरे, तीन विजय. श्रेष्ठींचा निर्णय मतदाराने तिन्ही वेळा उचलून धरला, असे यावरून म्हणता येते.

हे उदाहरण टाळून चालणार नाही. कोणाही आमदाराच्या नावावर मतदारसंघाचा सातबारा लिहून दिलेला नसतो, हे खरेच आहे. पाच वर्षे संपली की जनादेशाची मुदत संपते आणि पक्षाला नवा माणूस देण्याचा पूर्ण अधिकार असतो. तथापि, विजय हा पद्धत योग्य असल्याचा पुरावा ठरत नाही. तसा तो ठरत असेल, तर हिंगोलीचा पराभव हा पद्धत अयोग्य असल्याचा पुरावा मानावा लागेल, आणि तो मानावयास हीच मंडळी तयार नसतात. उमरखेडमध्ये मतदाराने विचारावर, चिन्हावर आणि घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्याच्या शब्दावर मत दिले. त्या विश्वासाची मोजदाद श्रेष्ठींनी आपल्या दूरदृष्टीच्या खात्यात जमा करून घेणे हे काही न्यायाचे नाही.

आणखी एक उदाहरण पाहा. २०१९ मध्ये कामठीचे विद्यमान आमदार आणि राज्याचे मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांना पक्षाने उमेदवारी नाकारली. २०२२ मध्ये तेच प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये त्याच कामठीतून पुन्हा निवडून आले. नाकारणेही योग्य असेल, स्वीकारणेही योग्य असेल; दोन्हींना सबळ कारणे असतील. परंतु ती कारणे ज्यांच्या श्रमावर निवडणूक जिंकली जाते त्या बूथवरच्या कार्यकर्त्याला कळली पाहिजेत की नकोत? कारण न सांगता दिलेली शिक्षा आणि कारण न सांगता दिलेले बक्षीस या दोहोंमुळे संघटनेत एकच धडा शिकला जातो: काम करण्यापेक्षा वर ओळख ठेवणे अधिक फलदायी.

हिंगोलीविषयी असेही सांगितले जाते की, तेथे भाजपच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांचाच पाटील यांच्या नावाला विरोध होता. मग बदल हा कार्यकर्त्यांचाच विजय नाही काय? विरोध होता, आणि तो उघडपणे नोंदविलाही गेला होता. प्रश्न असा की, तो मोजला कोणी? विरोध खरोखर व्यापक होता तर जानेवारीतच दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांसमोर नावे ठेवून गुप्त मतदान घेता आले असते. तसे न करता आधी नाव जाहीर झाले आणि मग मुंबईत दूरध्वनी खणखणले. ज्याचा दूरध्वनी पोहोचतो त्याचे मत मोजले जाते. फुलसावंगीच्या किंवा गुंजच्या कार्यकर्त्याकडे तो क्रमांक नसतो.

उत्तर आपल्याच गावात आहे

मग मार्ग काय? अमेरिकेसारख्या प्राथमिक निवडणुका येथे जशाच्या तशा आणाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. वर्ध्याचा अनुभव पुरेसा बोलका आहे. मार्ग आपल्याच कायद्यात आहे आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीआड रोज वावरतो.

महाराष्ट्रात २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला. महाविकास आघाडी सरकारने तो २०२० मध्ये रद्द केला आणि २०२२ मध्ये तो पुन्हा आणण्यात आला. या कायद्यात एक अत्यंत सुज्ञ तरतूद आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध ग्रामपंचायत सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव संमत केला, तरी तेवढ्याने सरपंच जात नाही. तो ठराव ग्रामसभेपुढे जातो. ज्या गावाने सरपंच निवडला, तेच गाव गुप्त मतदानाने ठरविते की, त्याला ठेवावयाचे की काढावयाचे. प्रतिनिधींना आक्षेप घेण्याचा अधिकार आहे. शेवटचा शब्द मात्र निवडणाऱ्यांचाच.

याहून सोपे आणि याहून न्याय्य तत्त्व कोणते? सदस्य चुकू शकतात म्हणून ग्रामसभा आहे; सरपंच चुकू शकतो म्हणून सदस्य आहेत. कोणालाही मोकळे रान नाही आणि कोणाचाही आवाज दाबलेला नाही. काळी दौलतखानच्या सरपंचाला जे संरक्षण कायद्याने मिळते, ते लाखो मतांनी निवडून आलेल्या आणि पक्षानेच नाव जाहीर केलेल्या खासदाराला मिळत नाही. ते मिळत नाही म्हणून त्याच्या मतदारालाही मिळत नाही.

हेच तत्त्व पक्षाने आपल्या घरात आणावे. विधानसभा वा लोकसभेच्या निवडणुकीपूर्वी किमान तीन महिने मंडल आणि बूथ पातळीवरील कार्यकर्त्यांचे गुप्त मतदान घ्यावे. मतदारयादीत किमान तीन वर्षे सक्रिय असलेलेच असावेत, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर पावसाळी छत्र्यांसारख्या उगवणाऱ्या 'निष्ठावंतां'ची गर्दी यादीत शिरणार नाही. बूथप्रमुख नेमलेला नसून बूथने निवडलेला असावा, म्हणजे वर्ध्यासारखा हजेरीपट होणार नाही. या कौलाशी श्रेष्ठी असहमत असतील तर त्यांनी तसे लेखी कळवावे आणि कारणे द्यावीत: चारित्र्याचा आक्षेप, गुन्हा, मित्रपक्षाशी झालेला जागांचा करार, जे असेल ते. आणि त्या कारणांसह प्रश्न पुन्हा एकदा त्याच कार्यकर्त्यांपुढे जावा. कार्यकर्ता समंजस असतो. युतीधर्माखातर आपली हक्काची जागा मित्राला सोडून त्याच मित्राच्या प्रचारात उन्हातान्हात फिरणारा कार्यकर्ता या विदर्भाने पाहिला आहे. त्याला गोष्ट समजावून सांगितली, तर तो पटवून घेतो. न सांगता लादली, तर तो मान खाली घालून काम करतो, पण मतदानाच्या दिवशी दहा घरे कमी फिरतो. निवडणुका त्या दहा घरांतच हरल्या जातात.

यावर आक्षेप येईल की, इतक्या उघडपणाने पक्षातील मतभेद चव्हाट्यावर येतील. ते आज झाकलेले आहेत काय? बंडखोरांचे अर्ज, रातोरात बदललेली नावे, नाराजांच्या घरी धावणाऱ्या गाड्या हे सारे दूरचित्रवाणीवर दिवसभर दिसतच असते. मतपेटीत व्यक्त झालेला मतभेद संघटनेला शहाणे करतो. पत्रकार परिषदेत व्यक्त झालेला तिला फोडतो.

आपल्या संघटनशास्त्रात सामूहिक निर्णयाला फार वरचे स्थान आहे. चर्चा मुक्त, निर्णय एक आणि निर्णयानंतर सर्वांचे एकदिलाने काम, ही शिस्त ज्यांनी अंगी बाणविली त्यांनीच दोन खासदारांच्या पक्षाला देशाची सत्ता मिळवून दिली. या शिस्तीचा दुसरा शब्द पहिल्याशिवाय अर्थहीन आहे. मुक्त चर्चा झालीच नाही आणि निर्णय मात्र एक, याला शिस्त म्हणत नाहीत. त्याला मुकाट्याने सोसणे म्हणतात. काँग्रेसचा कार्यकर्ता ते सोसत सोसत कधी नाहीसा झाला, हे काँग्रेसलाही कळले नाही. आज खेड्यापाड्यांत त्यांचे नेते आहेत. सतरंजी उचलणारा हात शोधावा लागतो.

महागावच्या मतदाराने २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या मतदारसंघातील नाव पुसले जाताना पाहिले आणि आपल्या जिल्ह्यातीलही. त्याला कोणी विचारले नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदाराने विधानसभेत पुन्हा विचाराच्या पारड्यात मत टाकले. श्रेष्ठींनी याचा अर्थ 'त्याला काही फरक पडत नाही' असा लावू नये. विचारावर श्रद्धा असल्याने त्याने आणखी एक संधी दिली आहे. पुढच्या यादीपूर्वी त्याच्या दारात मतपेटी येते की मुंबईहून लिफाफा येतो, याकडे त्याचे लक्ष राहील.